हरिबाच्या डोक्यातली मेंढरं

कवठे येमाईच्या हरिबाच्या डोक्यात मेंढरं शिरली आहेत, यावर गावाचं एकमत होतं. एरवी या गावाचं पाण्याच्या पाळीवरसुद्धा एकमत होत नाही. हरिबा बोलता बोलता मध्येच थांबायचा. नजर कुठंतरी लांब लागायची, ओठांचं 'च्यक च्यक' सुरू व्हायचं आणि बोटं धोतराच्या सोग्याशी चाळा करायची. मग भानावर येऊन विचारायचा, "मी काय म्हणत व्हतो?"

"आबा, मेंढरं बोलवत व्हता," लोक हसून सांगायचे. हरिबाला त्यातलं काही आठवायचं नाही, त्यामुळे तोही मान डोलवायचा. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, बोलवली असतील.

पुतणीच्या लग्नात मात्र कहर झाला. मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना हरिबानं च्यक च्यक सुरू केलं आणि शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांची शाल, कातरायला आली का ते बघावं तशी चाचपली. मांडव हसून लोटपोट झाला. हरिबाचा मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, चार माणसांत मान असलेला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आबा, आता मेंढरं विकायची," घरी आल्या आल्या तो म्हणाला. "ती डोक्यात बसलीत तुमच्या."

"आन् मी दिसभर काय करू? तुझ्या टीव्हीम्होरं बसू?"

बरीच वादावादी झाली आणि तोडगा निघाला. शिरूरला मेंदूच्या डॉक्टर मायामॅडम होत्या, त्यांनी ईईजी सांगितला होता. डोक्याला वायरी लावायच्या आणि आतल्या लहरी कागदावर बघायच्या. डोकं गेलंय असं निघालं तर मेंढरं विकायची, नाहीतर राहू द्यायची. संपत कामाचा पक्का, त्यानं व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

शिरूरला जाताना हरिबाला वेगळीच धास्ती पडली. वायरींतून मनातलं सगळं दिसत असेल तर? सुनेच्या आमटीबद्दल त्याचं मत फार वाईट होतं आणि सून गाडीत मागंच बसलेली. सबंध रस्ताभर तो आमटीबद्दल चांगलं चिंतायचा प्रयत्न करत होता. जमत नव्हतं.

दवाखान्यानं बजावून सांगितलं होतं, केस शांपूनं धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. निघायच्या आधी हरिबाच्या बायकोनं, सखूबाईनं, त्याचं डोकं धुतलं, खसखसून धुतलं. पण कोरड्या डोक्यानं तालुक्याला जायचं म्हणजे लोकांना वाटायचं घरात कोणी गेलं. म्हणून तिनं वाटीभर तेल थापलं आणि वर बिरोबाचा भंडारा. वायरी लावणारी सायमा, गुणी पोरगी, आपल्या पिवळ्याजर्द झालेल्या बोटांकडं बघतच राहिली.

"आजी, तेल नको म्हणलं व्हतं ना? वायरी निसटतायत."

"तेल कुठाय? त्यो तर देवाचा भंडारा हाय," सखूबाई म्हणाली. तेल तिनं हिशेबातच धरलं नव्हतं.

संपत खाली जाऊन शांपूच्या पुड्या घेऊन आला आणि दवाखान्याच्या नळाखाली हरिबाचं डोकं पुन्हा धुतलं गेलं. वायरी चिकटल्या. समोर कॅमेराही होता.

"डोळे मिटा, आबा. काही विचार करू नका."

"पोरी, आमटीचं दिसतंय का?"

"कसली आमटी?"

हरिबाला हायसं वाटलं. त्यानं डोळे मिटले, त्याला डुलकी लागली, आणि काही वेळानं तो डोळे उघडून ओठ वाजवायला लागला. च्यक, च्यक. बोटं चादर चिमटायला लागली. सायमानं हाक मारली, ओ नाही. पडद्यावरच्या रेघा एका बाजूनं सैरावैरा उसळल्या होत्या.

"काय न्हाई गं," सखूबाई म्हणाली, "मेंढरं बोलवत्यात."

थोड्या वेळानं सगळ्यांना आत बोलावलं. संपत वडलांकडं बघत नव्हता. हरिबानं सखूबाईचा हात घट्ट धरला होता, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मेंदूतल्या पेशी एका लयीत काम करतात," मायामॅडम म्हणाल्या. "इथं कानाच्या वर ती लय मध्येच बिघडते. ही फिट आहे. माणूस खाली पडतो, फेस येतो, असं दर वेळी होत नाही. डोकं गेलेलं नाही. मेंदूचा एक फोटो काढू, गोळ्या सुरू करू. बहुतेकांना गुण येतो. मात्र विहिरीकडं, माळावर एकट्यानं जायचं नाही." मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं.

हरिबानं स्वतःला च्यक च्यक करताना पहिल्यांदाच बघितलं. बघता बघता त्याचा चेहरा रागानं लाल झाला.

"ह्ये? ह्याला तुम्ही मेंढरं बोलवणं म्हणता? अवो, ह्याला शेळी बी यायची न्हाई!" आणि त्यानं उभं राहून, होता नव्हता तेवढा दम लावून खरी हाक घातली. "हुर्रर्र हाऽऽ! यो, यो, योऽऽ!"

बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली.

"माझी मेंढरं त्या च्यक च्यकला कवा तरी वळली का? सांग की संपत!"

संपतला ते कुठून ठाऊक? पोरानं शिकावं म्हणून हरिबानंच त्याला लहानपणी मामाकडं ठेवलं होतं आणि आपण कळप घेऊन कोकणात उतरला होता. वडलांची हाक त्यानं आज पहिल्यांदा ऐकली, ती दवाखान्यात. सखूबाईनं मात्र ती जन्मभर ऐकली होती, तरी च्यक च्यकला तीही मेंढरं बोलवणंच म्हणत आली होती. ती पदराचं टोक दातात धरून खाली बघत बसली.

संपतनं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं.

आता एकट्यानं जायचं नाही म्हणून सखूबाई रोज हरिबाबरोबर माळावर जाते आणि सुट्टीच्या दिवशी संपत जातो. पहिल्या सुट्टीला हरिबानं त्याला हाक शिकवली. संपतनं इकडं तिकडं बघितलं, घसा साफ केला आणि घातली. मेंढरांनी माना वर केल्या, सुपरवायझरकडं नीट बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

"येत न्हाईत, आबा."

"वळख न्हाई अजून," हरिबा म्हणाला. "फुडच्या सुट्टीला ये."