कॅलेंडरच्या पानातली गोळी

फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता आणि मी त्यात ‘डॉक्टर’ असं लिहिलं.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं वर्ध्यातल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहिलो, एवढंच. पण आमच्या बोरगाव मेघेत सगळे मला डाक्टर म्हणतात. रोज ऐकून ऐकून माणसाच्या हाताला ते कधी खरं वाटायला लागतं, कळत नाही. तर—लिहिलं. हृदयाच्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला, मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “सर, कुठून केलं एमबीबीएस?” शेजारच्या खाटेवरचा सलाईन लावलेला माणूससुद्धा पोट धरून हसला.

हा किस्सा मी बारशाला सांगितलाय, साक्षगंधाला सांगितलाय, एकदा तर तेरवीच्या पंगतीतही सांगितलाय. लोक आता माझ्याआधी हसतात. पण तो तिथे संपत नाही. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हालाच आज का सांगतोय? माहीत नाही.

फॉर्म माझ्या शेजाऱ्याचा होता. गुलाबराव—एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी अरे-तुरेतला. सीटवर बसून बसून कंबर गेलेली, रक्तात साखर. दुकानातून परतताना मी रोज त्याच्या ओट्यावर टेकायचो आणि खिशातून एक पुडी काढायचो. दुकानातल्या कॅलेंडरचं त्या दिवशीचं पान फाडायचं, त्यात दुखण्याची एक गोळी ठेवायची, तिकोनी घडी घालायची आणि शेपटी आत खोचायची. अशी घडी वर्ध्यात दुसरं कोणी घालत नसे, असा माझा गर्व. सात वर्षं दिली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. आणि मला काय वाटायचं माहीत आहे? पुण्य.

मग चालताना त्याच्या छातीत भरून यायला लागलं. अँजिओग्राफी करायचं ठरलं. पोरगी सासरी लांब, त्याच्या बायकोला, शांतावहिनींना, आकड्यांपलीकडे वाचता येत नाही. मग सोबत कोण? अर्थात—डाक्टर.

हसणं थांबल्यावर बाईंनी समजावून सांगितलं, अगदी साध्या भाषेत. हृदयाच्या नळ्या फोटोत दिसाव्यात म्हणून एक डाय सोडतात. तो बाहेर पडतो किडनीतून. साखरेच्या माणसाची किडनी आधीच दमलेली. त्यात दुखण्याच्या गोळ्या पोटात असतील तर ती बसू शकते. म्हणून आधी गोळ्या बंद करायच्या, सलाईन द्यायचं, डाय लागेल तेवढाच वापरायचा आणि नंतर रक्त पुन्हा तपासायचं.

“यांचा किडनीचा आकडा काठावर आहे,” त्या म्हणाल्या. “दुखण्याच्या गोळ्या घेतात का? घेत असतील तर आज नको, पुढच्या आठवड्यात करू. घाई नाही.”

घाई नाही. असं म्हणाल्या त्या.

गुलाबरावने माझ्याकडे पाहिलं. आणि मी—पाच मिनिटांपूर्वी सगळा वॉर्ड ज्याला हसला तो मी—आता काय सांगणार होतो? की हो मॅडम, रोज घेतो, मीच देतो, कॅलेंडरच्या पानात गुंडाळून? पुन्हा हसतील—की आता हसणारही नाहीत? एवढंच होतं मनात. नोकरीची भीतीसुद्धा नव्हती. फक्त दुसऱ्यांदा लाजायचं नव्हतं.

“नाही हो मॅडम. एकही नाही.”

बाईंनी गुलाबरावकडे पाहिलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “डाक्टर म्हनते नाई, तं नाई.”

इथे थांबलो असतो तरी एकच खोटं झालं असतं. पण अँजिओग्राफी त्याच सकाळी झाली, आणि जांघेतून नळी घातलेल्या माणसाला नंतर कित्येक तास सरळ पडून राहावं लागतं, पाय हलवायचा नाही. आणि कंबर तर त्याची ती तशी. दुपारी तो कण्हायला लागला. “मधू, कंबर तुटून राह्यली बे.” माझ्या खिशात त्या दिवशीची पुडी होती—सकाळी दुकानात रजा सांगायला गेलो तेव्हा सवयीने बांधलेली. सिस्टर पलीकडे गेल्या आणि मी ती उघडली. बाईंनी सांगितलेलं सगळं, शब्दन् शब्द, मला आठवत होतं. तरी दिली. कागद त्याच्याच मुठीत राहिला.

तिसऱ्या दिवशी पाय सुजले, लघवी घोटभर. बाईंनी पुन्हा विचारलं, “नक्की काही घेतलं नव्हतं ना?” मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिलो. गुलाबरावने सुजलेल्या पायांवर चादर ओढली. त्यांनी लघवीचं इंजेक्शन दिलं, औषधं बदलली, धावपळ केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. पुष्कळांच्या किडन्या सावरतात म्हणे. त्याच्या सावरल्या नाहीत.

खरं सांगितलं असतं तरी हे झालंच असतं का? कोण जाणे. पण एक आठवडा थांबायची सोय त्याच्यासमोर ठेवलेली होती—ती त्याच्या वतीने नाकारणारा मी कोण?

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मीच न्यायचो. सगळे म्हणायचे, शेजारी असावा तर असा. वर्ध्याचा मे महिना, आणि त्याला पाणी मोजून. ओट्यावर बसून तो बर्फाचा एक खडा गालात धरायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघायचा. गोळीबद्दल एक शब्द काढला नाही—कधीच नाही. काढला असता तर बरं झालं असतं का? दुसऱ्या उन्हाळ्यात तो गेला.

मी दुकान सोडलं. घरी कॅलेंडर आहे. संध्याकाळी पान फाडतो आणि बघतो तर बोटांनी तिकोनी घडी घातलेली असते, शेपटी आत. आत काहीच नसतं. तरी उघडून बघतो.

आणि किस्सा सांगत राहिलो. का? अर्ध्यावर सगळे हसले की पुढचा अर्धा कोणी विचारत नाही, म्हणून असेल.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका साक्षगंधात पुन्हा सांगितला. ‘कुठून केलं एमबीबीएस’वर मांडव हसला. शांतावहिनी कोपऱ्यात ताट घेऊन बसल्या होत्या. त्या जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि पत्र्याचा एक डबा पुढे सरकवला. आत कागद—सात वर्षांचे. गुलाबरावला ड्यूटीच्या दिवसांपासून कागदाचा कपटाही फेकायची सवय नव्हती. सगळ्यांवर माझ्या घडीच्या खुणा. वहिनींनी वरचा एक वेगळा काढला. अँजिओग्राफीच्या दिवसाचं पान.

“तारीख वाचता येते मले,” त्या म्हणाल्या. “हे म्हनत, मधूले बोलू नको, त्याले लाज वाटंन.”

मी तोंड उघडलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“किस्सा अर्धाच सांगता तुम्ही, भाऊजी. अन् डाक्टर तं तुम्ही पावभरई नाई.”