गवतावरची हळद

पोळ्याला पुरणपोळीचा घास हातात घेतला की ती घटना आजही आठवते, आणि गोड घास तोंडात कडू होतो.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यात ठाणेदार होतो. किन्हीराजाकडच्या एका गावाने आपलं गायरान नव्याने राखायला घेतलं होतं. माजलेली रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं मुळासकट खणून काढली, पवन्या आणि शेडा हे इथलंच गवत लावलं, ग्रामसभेत चराईबंदी केली. गवत छातीइतकं झालं आणि तणमोर हा दुर्मीळ पक्षी आला. पावसाळ्यात याचा नर गवताच्या वर उड्या मारतो, मादी जमिनीवरच खळगा करून अंडी घालते. या पक्ष्यांवर नजर ठेवायला गावच्या समितीने पारध्यांच्या वस्तीतला, बेड्यावरचा, एक पन्नाशीचा माणूस राखणदार नेमला. त्याचा बाप फास लावून पक्षी धरायचा. हा रोज लांबूनच मादी पाहून यायचा आणि तिकडे कोणाला फिरकू द्यायचा नाही. आधी हसणारं गाव पुढे पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगू लागलं, आमचा पारधी पाखरं राखतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला.

"पारध्यानं अंडी खाल्ली साहेब. बेड्यावर जाऊन पाहा, फास सापडतीन."

नाव विचारताच फोन बंद. टीप देणाऱ्याला पुराव्याची जागासुद्धा पाठ असेल, तर आधी त्याच्याकडेच संशयाने पाहावं, असा माझा अनुभव. पण पाठोपाठ वनविभागाची तक्रार आली आणि गुन्हा दाखल झाला. झोपडीच्या आढ्याला घोड्याच्या केसांचे जुने फास खरंच लटकत होते. ते जप्त केले आणि राखणदाराला चौकशीसाठी आणलं. बाकावर बस म्हटलं तरी तो भिंतीशी उकिडवा बसला.

"काल सकाळी कुठी होता तू?"

"वाशीमले. समितीच्या अध्यक्षानं बैलाचे बाशिंग आणायले धाडलं होतं."

"ऐन पोळ्याच्या सकाळी?"

"मीबी तेच म्हटलं. तं म्हणे, आणायचे राहून गेले." मग त्याने मलाच विचारलं, "मादी दिसली काय साहेब तुमाले?"

मी शेजारच्या जऊळक्याहून दोन पंच घेतले आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याला गेलो. अंडी कोणी नेलीच नव्हती. टरफलं चिखलात चेपली होती आणि भोवती खुरांचे ठसे होते. एखादं जनावर चुकून शिरलं असेल, असं म्हणून गाव मोकळं झालं असतं. पण उभ्या गवताच्या पात्यांवर मला पिवळे, तुपकट पट्टे दिसले. मधे पाऊस झाला नव्हता. बोट फिरवलं, हळद होती.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळतात आणि बैलाला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आवतन गोठ्यात दिलं होतं. जेवण कुठे वाढलं, ते मी पाहत होतो.

अध्यक्षाला ठाण्यात बोलावून चहा दिला. गुन्ह्याचं नाव काढलं नाही. त्याच्या जोडीचं कौतुक केलं, खांद कशी शेकली ते विचारलं. माणूस खुलला. मग कागदात बांधून आणलेली त्या हळद लागलेल्या गवताची जुडी मी टेबलावर सोडली. 

"सारं गाव होतं साहेब," तो म्हणाला. "वर्षातून एक दिवस बैलाचा. आवतन देल्लं अन् पुढं वाळलं कुटार टाकाव काय? हिरवंगार गवत बाजूले उभं होतं."

"म्हणून राखणदाराले वाशीमले धाडलं?"

"तो आडवा झाला असता."

"मंग नाव त्याचंच काहून देल्लं?"

त्याने कप खाली ठेवला. "त्याचं नाव सांगतलं का पुढं कोणी काही विचारत नाई."

नोकरीत सराईत दरोडेखोर पाहिले, पण इतका संताप मला कोणाचा आला नाही. रायमुनिया उपसताना याच माणसांचे हात सोलले होते.

राखणदाराला त्याच संध्याकाळी सोडलं. पुढचा तपास मात्र लंगडा पडला. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, आणि जबाबाला आलेला प्रत्येक जण आपले बैल गोठ्यातच होते म्हणाला. हळद कोणाच्या बैलाची, हे काही हळद सांगत नाही. शेवटी 'अ' समरी पाठवावी लागली, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. ते न मिळालेले आरोपी मला बाजारात रामराम घालायचे.

कोर्टाच्या आदेशाने जप्त फास परत न्यायला राखणदार आला. बिऱ्हाड वीटभट्टीवर निघालं होतं, बायको बाहेर बोचकी घेऊन उभी होती. मी म्हटलं, "हे जाळून टाक. उद्या पुन्हा कोणी तुझं नाव घेईन."

"फास नसते तरीबी घेतलंच असतं साहेब," तो म्हणाला. "मले बापाचंच नाव लावतात लोक. तं बापाचं सामानबी राहू द्या."

या प्रकरणाने मला एक शिकवलं. एकटा माणूस गुन्हा करतो तेव्हा घाबरतो, त्याची झोप उडते, कुठेतरी बोलून जातो. अख्खं गाव मिळून करतं तेव्हा त्याला तो गुन्हा वाटतच नाही, सण वाटतो.

पुढच्या पावसाळ्यात गवत पुन्हा छातीइतकं झालं. पोळ्याच्या सकाळी त्यात बैल चरत होते. यावेळी कोणाला वाशीमला धाडायची गरज पडली नाही.