मॅनेज म्हणजे नेमकं काय केलं?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. बारामतीच्या एका दवाखान्यातून खबर आली की कडबाकुट्टीत हात जाऊन एका बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. बाईचा जबाबही तसाच होता : घरी वैरण कापताना अपघात, कुणाविरुद्ध तक्रार नाही. कागद बंद करायला हरकत नव्हती.

तेवढ्यात तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. "साहेब, जखम मी धुतलीय. आत ग्रीस हाय, वैरणीची काडी न्हाय."

बाई लोणी देवकरच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला होती. पंच घेऊन तिच्या घरी गेलो. कडबाकुट्टी होती, पण तिला मोटरच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "जळली की ती! म्हैना झाला, दुरुस्तीला टाकलीया."

पंचनामा पुढ्यात ठेवून कंपनीच्या सुपरवायझरला ठाण्यात बसवलं. चहा पाजला. मारझोडीनं माणूस खोटंही कबूल करतो, म्हणून त्या वाटेला मी कधी गेलो नाही. तो हसत म्हणाला, "साहेब, आमी समदं मॅनेज केलंय. तुमीबी करा की."

हे इंग्रजी क्रियापद आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही येतं. लग्नात जेवण कमी पडलं, मॅनेज करा. टँकर आला नाही, मॅनेज करा. त्यात वावगं काही नाही. ठाण्यात मात्र हा शब्द आला की समजावं, कुणाचा तरी गळा कापला जातोय. मी पेन उघडलं. "मॅनेज म्हणजे नेमकं काय केलं? सांगा, लिहून घेतो."

तो गडबडला. "म्हंजी... हजेरी बुकातनं तिचं नाव खोडलं."

"आणखी?"

"मशीनचं सेफ्टी गार्ड काढलं हुतं, काम फास्ट व्हावं म्हणून. ते परत बसिवलं."

"आणि बाईला?"

त्याची मान खाली गेली. "खरं बोललीस तर नवऱ्याचंबी काम जाईल म्हणलं."

सुपरवायझरनं तोंड उघडल्याचं कळलं, तशी दुसऱ्या दिवशी बाईनं स्वतः येऊन फिर्याद दिली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून हजेरी बुक जप्त केलं. मग एका वजनदार माणसाचा फोन आला. तोच शब्द! मी म्हणालो, "काय करायचं ते लेखी कळवा." फोन ठेवला गेला. पुढे माझी बदली झाली. झाली तर झाली! दोषारोपपत्र तोवर कोर्टात गेलं होतं.

वाईट काम करवून घेणारा त्या कामाचं नाव घेत नाही, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं, हे मी या गुन्ह्यात शिकलो. पण बाईपुढे मी काहीच नाही. फिर्यादीखाली अंगठा घ्यायला हवालदारानं शाईचं पॅड सरकवलं, तेव्हा तिनं ते बाजूला सारून डाव्या हातात पेन धरलं. एकेक अक्षर वाकडं होत होतं.

नवरा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दी, अंगठा दे."

तिनं मानही वर केली नाही. "का म्हनून ऱ्हाऊ दी?"