ठिबकच्या नळीचा मासा

अ‍ॅम्फिऑक्सस आमच्या भीमेत सापडत नाही. तो उथळ समुद्राच्या वाळूत राहतो. बोटाएवढा जीव, अंगात हाड नाही, धड मेंदूही नाही. पण पाठीचा कणा येण्याआधी आपले पूर्वज कसे पोहत असतील, याचा अंदाज त्याच्याकडे पाहून येतो. शिरूरच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचे, म्हणजे तास मिळाला तर पगार, नाही तर घरी बसा. तेव्हा माझा या किड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर जीव जडला.

पोरांचा मात्र जडेना. अंगाच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे पट्टे, मधोमध लवचीक दांडा, हे फळ्यावर काढलं की ती जांभया द्यायची. वडगाव रासाईला आमच्या उसात ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या पडलेल्या असतात. ही नळी ताठही असते आणि वाकतेही. मी एक तुकडा मागितला तेव्हा माझे वडील, आप्पा, म्हणाले, "न्हे की, लई पडल्यात तसल्या."

मग कॉलेजच्या मैदानात खेळ सुरू झाला. नळी म्हणजे मधला दांडा. दोन्ही बाजूंना पोरं उभी करायची. ती झाली स्नायू. डावीकडच्यानं ओढलं की समोरच्या उजवीकडच्यानं सैल सोडायचं, मग उलट, आणि हे डोक्याकडून शेपटाकडे सरकत न्यायचं. नळीतून लाट जायची आणि पोरं ओरडायची, "मॅडम, पोहतोय!" मग मी त्यांना पुढची गंमत सांगायची. आपल्यात प्रेरक चेतापेशी आपला तंतू स्नायूपर्यंत पाठवते. या बाबाच्यात उलटं आहे, स्नायूच आपला धागा लांबवून हुकूम घ्यायला चेतारज्जूपर्यंत जातो.

माझी मैत्रीण माझ्याच विभागात, माझ्यासारखीच तासिकेवर होती. आम्ही एका डब्यात जेवायचो. ती दारात उभी राहून हा खेळ पाहायची, रांगेत कधी उतरली नाही.

दौंडच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली. जागा एकच, आणि आम्ही दोघींनी अर्ज केला. मुलाखतीत नमुन्याचा तास घ्यायचा होता. मी अ‍ॅम्फिऑक्सस घेणार, ती बेडकाचं हृदय, असं ठरलं. आदल्या दिवशी ती म्हणाली, "अगं, नळी-बिळी नेऊ नको. कमिटीत मोठी माणसं असत्यात, पोरखेळ वाटंल त्यांना." मला पटलं. सकाळी आप्पांनी नळी धुऊन, गुंडाळून दारात ठेवली होती. "आगं, ऱ्हायली की ही!" म्हणत ते रस्त्यापर्यंत आले. मी नको म्हणाले आणि तिच्या स्कूटीवर मागे बसले. स्कूटीच्या डिकीत काय आहे, हे मी कशाला बघतेय?

तिचा नंबर माझ्या आधी होता. आतून हसण्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून डोकावले. कमिटीतले साहेब लोक कोट सावरत दोन रांगांत उभे होते आणि त्यांच्या हातात काळी नळी होती. लाट येतच नव्हती, दोन्ही बाजू एकदम ओढत होत्या. पण साहेब खूश होते.

माझी पाळी आली. मी तोंड उघडताच एक साहेब म्हणाले, "अहो, हेच आत्ता झालं. तुमच्याच कॉलेजच्या ना त्या? त्यांच्याकडून शिका जरा, किती जिवंत शिकवतात!" मी खडू घेऊन आडवे-तिरपे पट्टे काढत राहिले. हा नळीचा खेळ माझा आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? एक साहेब घड्याळ बघत होते.

बाहेर ती स्कूटीपाशी थांबली होती. "कसं झालं गं?" असं विचारायची तिची हिंमत झाली. मी एसटीने परत आले. आप्पांना म्हणाले, "झालं बरं." जागा तिला मिळाली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज जुनाच, डब्यातलं लोणचं मागतानाचा. "अगं, तुझ्या त्या नळीची लाट येतच न्हाई. पोरं नुसती ओढत्यात. तू काय करायचीस?"

उत्तर एका वाक्याचं होतं. एकानं ओढताना समोरच्यानं सोडायचं असतं. ते माझ्या ओठांवर आलंही, इतकी मी सवयीची मास्तरीण. पण आमच्या दोघींत आजवर ती ओढत आली होती आणि मी सोडत आले होते.

मी फोन बंद केला आणि नळी घेऊन मैदानात गेले.