युद्धाची पाने कोणी वाचावीत

सुखदेवराव रणपिसे यांनी आयुष्यभर वाचनाचा पगार घेतला, असे मी म्हटले, तर ते स्वतःच दुरुस्ती सुचवतील: "वाचून दाखवण्याचा." सरकारी मुद्रणालयात ते कॉपी-होल्डर होते. मुद्रितशोधक कच्च्या छापील पानावर डोळा ठेवून बसे आणि सुखदेवराव मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचत. केवळ शब्दच नव्हेत; स्वल्पविराम, कंस, नवा परिच्छेद, सारे उच्चारून. आवाजात चढउतार करायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. वाचणारा अर्थात रंगला, की ऐकणाऱ्याची नजर चुकीवरून घसरते. विश्रांतवाडीत आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. जिन्यात लागलेली पाणीकपातीची सूचनाही ते मला पूर्णविरामासकट वाचून दाखवतात.

त्यांच्या पत्नी कांताबाई एका रुग्णालयात अपघात विभागाच्या परिचारिका होत्या. रात्रपाळीच्या त्या दिवसांपासून त्यांना जाडजूड कादंबऱ्यांचे व्यसन. त्यांचे वाचन मुके आणि एकट्याचे. त्यात नवऱ्याला प्रवेश नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सतत पालथे पडून राहण्याची सक्त ताकीद दिली. नेमकी तेव्हा एक कादंबरी अर्ध्यावर होती. मराठीत अनुवादित झालेली, आशियातील जुन्या साम्राज्यांच्या इतिहासावरून बेतलेली, तरी कोणत्याही नकाशात न सापडणाऱ्या राज्याची ती युद्धकथा होती. तिच्यातील सेनानायिका बुडालेल्या सैनिकांना नदीतून उठवते आणि उठवलेल्या प्रत्येक मृतामागे आपल्या एकेका जिवलगाचा चेहरा कायमचा विसरते.

"उरलेली मी वाचतो," सुखदेवराव म्हणाले. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते खाटेशेजारी बसले होते. चहाला मला बोलावले होते, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले.

"तिने त्याचा हात हाती घेतला स्वल्पविराम पण चेहरा आठवेना पूर्णविराम नवा परिच्छेद..."

कांताबाई उशीत तोंड खुपसून हसू लागल्या. "अहो, तिचा नवरा मरतोय तिथे, आणि तुम्ही पूर्णविराम कसले देताय!"

"मग काय त्याला सलाइन देऊ? छापलंय ते वाचतोय."

"हसवू नका, टाके दुखतात. राहू द्या. उल्काला विचारते."

उल्का समोरच्या सदनिकेतली. वय तिशीच्या आत-बाहेर, नोकरी संगणकाची आणि बहुतेक घरूनच. ही कादंबरी तिनेच कांताबाईंना वाचायला दिलेली. ती आनंदाने आली आणि रोज संध्याकाळी येऊ लागली. तिच्या वाचनात घोडे दौडत, पात्रे कुजबुजत, नदी खळाळत असे. आतून कांताबाईंचे "अगं बाई!" ऐकू आले, की स्वयंपाकघरात सुखदेवरावांच्या हातातील बशी ओट्यावर जरा जोरातच ठेवली जाई.

"या, या," मी वर गेलो की ते म्हणत. "आमच्याकडे आकाशवाणी केंद्र उघडलंय. श्रोत्यांना चहा फुकट. चहा करणारासुद्धा फुकट."

उल्काला ते कानतुटका कप देत. तिची दुचाकी आडवी लावलेली असते, तिच्या हसण्याने भिंतीचा रंग उडतो, ती उंबऱ्यात चपला अस्ताव्यस्त टाकते, अशा तक्रारी मी क्रमाने ऐकल्या. एकदा मात्र जिन्यात थांबून ते वेगळ्याच स्वरात बोलले. "इतक्या वर्षांत हिला माझ्या वाचण्याची गरज एकदाच पडली. तीही या मुलीने पळवली."

त्यानंतर त्यांचे कान त्या खोलीवर पहाऱ्याला बसले. उल्काची एक तरी चूक सापडावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती लवकरच पूर्ण झाली. त्या संध्याकाळी खारलिन नावाच्या शहराला शत्रूचा वेढा पडला होता. वेशीचे दार तडकले, एवढे वाचून उल्का क्षणभर थांबली आणि पुढच्या वाक्यात सेनानायिका नदीवर केसांतील राख धूत होती.

सुखदेवराव चहाचा ट्रे घेऊन दारात उभे राहिले. "मजकूर सुटलाय."

"काका?"

"दार तडकलं आणि राख आली. मधलं शहर कुठे गेलं?"

उल्का ओशाळली. "काका, तो चॅप्टर फार डार्क आहे. कत्तल आहे नुसती. मलाच नाही वाचवत. काकूंचं ऑपरेशन झालंय, म्हणून स्किप केला."

"बघ कांता," विजयी मुद्रेने ते म्हणाले, "तुझी वाचक पानं गाळते."

"उल्के," कांताबाई उशीतूनच बोलल्या, "अपघात विभागात माझी हयात गेली, बाळ. मला कसली भीती दाखवतेस? वाच ते."

उल्काने पुन्हा पान काढले. दोन ओळी झाल्या. तिसरी ओळ निघेना.

"अहो," कांताबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचा."

सुखदेवरावांनी ट्रे माझ्या हाती दिला, चष्मा पुसला आणि उल्काने रिकाम्या केलेल्या खुर्चीत ते ताठ बसले. नंतर मुद्रणालयातील त्याच सपाट आवाजात त्यांनी वाचायला आरंभ केला.

"धान्याची कोठारे आधी जाळली पूर्णविराम. मग घरे पूर्णविराम. पाण्यासाठी लोक विहिरीकडे धावले पूर्णविराम. विहिरीत मुले होती पूर्णविराम. नवा परिच्छेद."

या वेळी कोणी हसले नाही. प्रत्येक पूर्णविराम खिळ्यासारखा बसत होता. उल्का दाराच्या चौकटीला टेकून ओठ दाबून उभी होती. प्रकरण संपेपर्यंत सुखदेवरावांचा आवाज एकदाही वर-खाली झाला नाही. चहावर मात्र साय धरली.

"आमच्याकडे जखमी आणला की अस्संच सांगावं लागायचं," कांताबाई हळू म्हणाल्या. "कुठे लागलं, किती रक्त गेलं. रडत सांगितलं तर डॉक्टरांना कळणार काय?" मग हात लांबवून त्यांनी नवऱ्याचे मनगट चाचपले. "ह्यापुढे युद्धं तुम्ही वाचायची."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं उल्का वाचेल. प्रेम, प्रवास, मेजवान्या. ते तुमच्या तोंडी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. "चांदणं तिच्याकडे आणि खाटीकखाना माझ्याकडे. ही काय वाटणी झाली?" मी म्हटले, "तक्रार करून पाहा." ते उत्तरले, "केली असती. पण युद्धंही काढून घेतली तर?"

त्यानंतरच्या संध्याकाळी मी वर गेलो, तेव्हा दोन राज्यांत तहाची बोलणी चालली होती आणि उल्का राजवाड्यातील मेजवानीचे वर्णन मोठ्या रसाने वाचत होती. खाटेवरून दाद येत होती. सुखदेवराव इस्त्रीचा सदरा घालून, चष्मा पुसून, स्वयंपाकघराच्या दारात तयार उभे होते.

"पाहिलंत?" ते माझ्या कानाशी कुजबुजले. "कालपासून नुसते जेवताहेत. लढाईचं नाव काढत नाहीत, लेकाचे."