गारांतलं कोकरू

शेळगावहून निघताना घराला कुलूप मी स्वतः लावलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. पुतण्या बबन जीप सुरू करून बसला होता. माझी धाकटी जाऊ साळू, म्हणजे बबनची आई, गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी आधीच बसली होती. आजारी मी, पण खिडकी तिला.

"अक्का, किल्ली दे माझ्याकडं. दवाखान्यात कुठं सांभाळतीस?"

"आजवर कुणी सांभाळली?" मी म्हटलं. म्हटलं म्हणजे घोगरले. दिवाळीपासून माझा आवाज बसला होता. पूर्वी मी या बांधावरून हाक मारली की त्या बांधावरचा गडी विडी विझवायचा. आता कोंबडीसुद्धा वळून बघत नव्हती. काढे झाले, हळद-दूध झालं. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं, की दुखणं घशात नाहीच. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वर जाऊन जिथं वळते, आणि जिथून डोक्याकडं फांद्या फुटतात, तिथंच ती फुगली होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. तो फुगा आवाजाच्या नसेवर बसला होता. फुटला तर तिथंच संपलं. म्हणून पुण्याला निघालो होतो.

मरणाची मला फार भीती नव्हती. भीती दुसरी होती. माझी सासू लकवा होऊन वर्षानुवर्षं अंथरुणाला होती. मी भरवायची आणि ती मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. शेवटी तर हाकही गेली. मी तिचं सगळं केलं, त्याचं मला काही नाही. पण माझं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आमचे मालक गेल्यापासून घर माझं, शेत माझं आणि डोकंही माझं. डोक्याकडं जाणारं रक्त बंद करून तिथं शिवणार आहेत, एवढं बारामतीत ऐकलं होतं. घरातून निघताना छातीत तेवढंच घेऊन निघाले.

कालव्याच्या कडेनं दोन्ही बाजूंना ऊस. माझ्या लग्नात इथं नुसतं कुसळ होतं. आमचं घर मूळ मेंढरांचं. दिवाळी झाली की वाडा (मेंढरं, घोडी, बिऱ्हाड आणि माणसं मिळून चालणारा तळ) कोकणाकडं निघायचा आणि पावसाच्या आत परत यायचा. मी आणि साळू नव्या नवऱ्या असल्यापासून ती वाट चाललो. मुक्कामांना आम्ही गावांची नावं देत नसू. ज्या रानात मेंढरं बसत, त्या रानाचं नाव. शेळगावची चिंचपट्टी, मग जळोचीचा ओढा, मग जोडबाभळी, असं करत थेट वरंध्याच्या घाटापर्यंत. अंधारात झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, असा माझा तोरा होता.

जळोचीला साळूच्या लेकीकडं दुपारचं जेवलो. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. ओढ्याच्या काठावर आता प्लॉट पडले होते. जिथं आम्ही मेंढरांना पाणी पाजायचो तिथं एका शिक्षकाचा बंगला होता आणि गेटवर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी. कुत्रं झोपलेलं होतं.

पुढं सुप्याला चहाला थांबलो. अलीकडच्या माळावर चिंकाऱ्याच्या (हरणाची बारकी जात) दोन माद्या दिसल्या होत्या. जीप थांबली तरी पळाल्या नाहीत. चहावाल्यानं विचारलं, "आजी, कुठवर?"

"पुण्याला. छाती फाडून घ्यायला."

तो हात थांबवून बघत राहिला. "देवाचं नाव घ्या आजी."

"मी चहा घ्यायला आलीय. साखर हात राखून टाकू नको."

बबन खाली मान घालून हसला. साळूनं मात्र चहावाल्याला माझी सगळी हकीकत सांगितली, फुग्यासकट. त्यानं तिला एक भजं फुकट दिलं. मला नाही.

पुण्यात शिरायला संध्याकाळ झाली. हडपसरच्या पुढं बबन एकेरी रस्त्यात उलटा घुसला, पोलिसानं अडवलं. साळूनं खिडकीतून मान काढून "पेशंट हाय, पेशंट!" असा गलका केला. पोलिसानं आत बघितलं. मी ताठ बसले होते. "कोण पेशंट?" त्यानं विचारलं. मी घोगऱ्या आवाजात "मी" म्हटलं, तेव्हा त्याला पटलं.

इस्पितळात तपासण्या झाल्यावर मोठे डॉक्टर खाटेशी येऊन बसले. चाळिशीचा माणूस, नखं बारीक कापलेली. मी म्हटलं, "डॉक्टर, मला फसवायचं न्हाय. काय करणार ते सांगा."

"फुगलेला भाग कापून तिथं कापडाची नळी शिवायची. शिवताना रक्त थांबवावं लागतं. बाकीचं अंग थोडा वेळ तग धरतं, मेंदू धरत नाही. म्हणून आधी मशीननं रक्त गार करत करत सगळं अंग गार करायचं आणि डोक्याभोवती बर्फ ठेवायचा. गार मेंदूची भूक कमी होते. शिवाय थोडं थोडं गार रक्त शिरेतून उलट्या बाजूनं डोक्यात सोडत राहायचं."

"उलट्या बाजूनं?"

"पाटाचं पाणी बंद झालं की खालच्या विहिरीतून उपसून वर देता ना? तसं. पीक मरू नये एवढ्यापुरतं."

"आन उठल्यावर मी मीच आसंन?"

"तसं व्हावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. पण शब्द देत नाही."

"हे बरं बोलला. शब्द दिला आसता तर घरी गेले आसते."

मग मी त्यांना कोकराची गोष्ट सांगितली. कोकणातून परतताना, सुप्याच्या अलीकडच्या मुक्कामावर चैत्रात गारा पडल्या होत्या. रात्रीच व्यालेल्या मेंढीचं कोकरू गारांखाली सापडलं, लाकडासारखं. मी त्याला उचलून चुलीकडं धावले. सासऱ्यांनी मधेच हिसकावून घेतलं. "एकदम शेकलं तर मरंल," म्हणाले. त्यांनी ते घोंगड्यात घेतलं आणि पोटाशी धरून बसून राहिले. पार उन्हं वर येईपर्यंत. मग कोकरानं कान हलवला. मी डॉक्टरांना विचारलं, "तुमी मला गरम कसं करणार? घाई करणार का?"

"नाही," ते म्हणाले. "खरी काळजी तिथंच असते. घाईनं तापवलं तर डोक्यालाच इजा होते. त्या माळाचं नाव काय म्हणालात?"

मी परत सांगितलं. ते हसले. ते नाव मी इथं आताच लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

डॉक्टर गेल्यावर मी किल्ली काढून बबनच्या हातात ठेवली. "मी उठले की मला वाटंचे मुक्काम विचारायचे, चिंचपट्टीपासून घाटापर्यंत. सगळे सांगितले तर किल्ली परत. न्हाय आले तर घर तुझं, शेत तुझं. मग मला विचारत बसायचं न्हाय."

"मोठी आई, आसलं काय बोलतीस?"

"तू फक्त व्हय म्हण."

तो साळूकडं बघायला लागला. साळू म्हणाली, "व्हय म्हण बाबा. ती ऐकायची न्हाय."

आता साळूचा पराक्रम. डोकं गार ठेवायचं, एवढं तिनं पक्कं ध्यानात ठेवलं होतं. आमच्याकडं डोकं गार ठेवायचं म्हणजे टाळूवर एरंडेल. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गाठोड्यातून बाटली काढून तिनं माझ्या डोक्यात एरंडेल थापलं, जिरवलं, परत थापलं. खरं सांगायचं तर मीही मान पुढं केली. मलाही ते पटलं होतं. सकाळी डोक्याला तारा चिकटवायला सिस्टर आल्या. मेंदू कसा चाललाय ते त्या तारांवरून बघतात म्हणे. एक तार चिकटेना. हात लावावा तिथून घसरायची.

"हे काय लावलंय?" सिस्टर ओरडल्या.

"एरंडेल हाय. लई थंड आसतं," साळू म्हणाली.

"मावशी, आमच्याकडं बर्फ आहे!"

"आसू द्या की. तेलाचा बी हातभार."

साबणानं तीन-तीनदा डोकं धुतलं. डॉक्टर दारातून डोकावले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तेलानं कातडी गार होते. आपल्याला आत जायचंय." मला ढकलगाडीवरून आत नेलं तेव्हा माझ्या केसांतून पाणी गळत होतं आणि साळू मागून येत म्हणत होती, "अक्का, परत ये गं. तुझ्याशिवाय भांडू कुणाशी?"

गावात नंतर सगळ्यांनी विचारलं, तिकडं काय दिसलं? काही दिसलं नाही. लाइट गेल्यावर घरात काय दिसतं?

जाग आली तेव्हा तोंडात नळी होती, हात पट्ट्यांनी बांधलेले. बोलता येईना. साळूला घडीभर आत सोडलं. तिनं माझ्या बोटांत बोटं घातली आणि विचारायच्या ऐवजी स्वतःच सुरू झाली. "चिंचपट्टी... मग जोडबाभळी... मग जळोचीचा ओढा..."

मी तिचं बोट असं दाबलं की ती कळवळली.

"सिस्टर! वळखलं बगा! मी मुद्दाम उलटं सांगितलं, आन तिनं बोट मोडलं माझं!" सिस्टरनी तिला बाहेर काढलं. बाहेर ती रडत होती, असं बबन सांगतो. ती नाही म्हणते.

नळी निघाल्यावर मी स्वतः वाट सांगायला घेतली. चिंचपट्टी, जळोचीचा ओढा, जोडबाभळी, आणि पुढं काही नाही. त्यापुढचं सुप्याचं तळं आलं, पांढरीची टेकडी आली, घाटापर्यंत सगळं आलं. मधला एक मुक्काम गळला होता. गारा पडलेला तोच. कोकरू दिसत होतं, सासऱ्यांचं घोंगडं दिसत होतं. नाव नव्हतं.

"सांगू नको," मी साळूला बजावलं. "माझं मला आठवू दे." साळू गप्प बसली. गप्प बस म्हटल्यावर ती गप्प बसली, असं जन्मात पहिल्यांदाच झालं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बबननं किल्ली पुढं केली. मी घेतली नाही. सगळे म्हणजे सगळे. मी रोज आठवत राहिले. खोकताना छातीशी उशी धरून आठवलं, बिनतिखटाचं वरण गिळताना आठवलं, इस्पितळाच्या पडवीत भिंत धरून चालताना आठवलं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी त्यांचं काम केलं होतं. हे माझं होतं.

घरी निघालो तेव्हा सुप्याच्या पुढं आल्यावर मी बबनला जीप थांबवायला लावली. साळूचा हात धरून माळावर उतरले. तसाच होता माळ. मीठ चारायचा सपाट दगड होता, पलीकडं दगड ढासळलेली विहीर होती. कोकरू कुठं सापडलं ती जागा मी काठीनं दाखवली. मेंढीच्या उजव्या कानाला पांढरा ठिपका होता, तेही सांगितलं. उन्हात उभी राहिले. नाव आलं नाही.

"ठेव ती किल्ली तुझ्याकडं," मी बबनला म्हटलं. "बोलले ते बोलले."

तो काही बोलायच्या आत साळू मटकन त्या दगडावर बसली. "मग माझी बी घे रं बबन किल्ली. मला बी आठवत न्हाय."

"काय?"

"तू सांगू नको म्हणालीस तवा मी देवाचं आभार मानलं. मला तवाच येत नव्हतं. रोज आठवतीया."

हिच्या डोक्याला कुणी बर्फ लावला नव्हता, कुणी रक्त थांबवलं नव्हतं. मी दगड होऊन परत येईतो एक नाव सांडलं, आणि हिनं भजी खात खात तेच घालवलं. मला हसू आलं, टाके ओढले, "आई गं" म्हणत परत हसले. बबननं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. या वेळी मी ती उघडली नाही. पण मनात म्हटलं, ही उधारीची आहे.

पाऊस सरल्यावर तपासणीला गेलो, एसटीनं. डॉक्टरांनी फोटो बघितला, मला चालवलं, दोन्ही हात वर करायला लावले, बोटं मोजायला लावली. आवाज परतला नव्हता. ती नस दबून गेली, आता येईल असं वाटत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, चालंल. मग ते पाठ टेकून बसले.

"आजी, एक गंमत सांगतो. तुमचं रक्त परत तापवत होतो ना, तेव्हा मशीनवरचा आमचा माणूस दोनदा विचारायला आला, जरा वाढवू का म्हणून. मी म्हटलं, अजिबात घाई नको. हे सवतीच्या माळावरचं कोकरू आहे."

साळूनं माझा दंड धरला. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी रडलो असतो, आणि दवाखान्यात ते बरं दिसत नाही.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "ठिकाण बराबर सांगितलं तुमी."

परतीला एसटीत या वेळी मी खिडकी घेतली. जे नाव मी आणि साळू इतके महिने आठवत होतो, ते मी बर्फात पडले असताना माझ्याच डोक्यावर कुणीतरी उच्चारत होतं. परका माणूस, ज्यानं तो माळ कधी बघितला नाही. आपल्या डोक्यातलं सगळं आपल्याच डोक्यात राहिलं पाहिजे, असं मी जन्मभर धरून चालले. तसं नसतं. थोडं दुसऱ्याकडंही ठेवावं लागतं, आणि त्यानं ते नीट ठेवावं लागतं.

सुपं सोडल्यावर मी सुरू केलं. घाटापासून उलटं, घराकडं येताना म्हणायचो तसं. पांढरीची टेकडी, सुप्याचं तळं. बाहेर तो माळ आला, हिरवागार, दगड गवतात बुडालेला.

"सवतीचा माळ," मी म्हटलं.

"सवतीचा माळ," साळू म्हणाली. "म्होरं जोडबाभळी."

"तू सांगू नको," मी म्हटलं आणि कमरेची पिशवी चाचपली. किल्ली होती.