पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंच्या कर्जतच्या ॲनिमेशन स्टुडिओत मी नोकरी मागायला गेलो, ती आमची पहिली भेट. मोठ्या ऐटीत मी माझी फिल्म लावली, तर ताई पडद्याकडे पाठ करून बसल्या आणि चहा घेऊन आलेल्या मावशींचा चेहरा न्याहाळू लागल्या. मला रागच आला. फिल्म संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्या फिल्ममधला म्हातारा चालायला लागला तेव्हा मावशी हसल्या. उद्यापासून या."

आज ताई साठीत पदार्पण करीत आहेत. त्यांच्या कामाविषयी सांगायचे तर सर्पदंशावरची फिल्म आधी आठवते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठा, एवढेच तिचे सांगणे. फिल्म करून घेणाऱ्या संस्थेच्या साहेबांना त्यातली नर्स हुबेहूब खरी हवी होती. आम्ही तशी केली. कातडीवरची बारीक छिद्रेसुद्धा दिसत होती. साहेब खूश, आम्हीही हवेत.

ताईंनी ती जवळच्या कडाव गावातल्या बायकांना दाखवली आणि स्वतः त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. नर्स बोलू लागली तशा बायका एकमेकींना खेटल्या. पुढे बसलेल्या हिराबाई म्हणाल्या, "हसते गं ती, पन डोळं हसत नाय. मेलेलं मानूस उठून बसलंय जनू."

मग ताईंनी तीच गोष्ट साध्या रेषांत काढलेली, स्वतः करून आणलेली दुसरी फिल्म लावली. ठिपक्याएवढे डोळे, एक वेणी. हिराबाई पुढे सरकल्या. "ही आमच्यातली हाय!" पण रेषांचा साप आला तेव्हा सगळ्याच हसल्या. ताईंचा निर्णय तिथेच झाला. नर्स रेषांची, साप मात्र हुबेहूब खऱ्यासारखा.

साहेब ऐकेनात. काम हातचे जाईल या धास्तीने आम्हीही ताईंना जरा नमते घ्या म्हणत होतो. ताई कसल्या ऐकतात! त्यांनी साहेबांना मोहोपाड्याच्या वसाहतीत नेले आणि आपल्याशेजारी पडद्याकडे पाठ करून बसवले. दोन्ही फिल्म झाल्या, आणि दोन्ही वेळी समोर बसलेल्यांचे चेहरे साहेबांनी पाहिले. "तुमचीच करा," साहेब म्हणाले. त्या संध्याकाळी स्टुडिओत आम्ही अक्षरशः नाचलो.

आणि ताईंची माया? माझ्या आईचे ऑपरेशन होते तेव्हा माझी दृश्ये त्यांनी स्वतः काढली आणि फिल्मवर नाव माझेच ठेवले.

गेल्या पावसाळ्यात भिवपुरीजवळच्या सुनंदाताईंना बांधावर साप चावला. घरचे मांत्रिकाला आणायला निघाले, तर त्या स्वतःच टेंपोत जाऊन बसल्या. "आदी दवाखाना! त्या नर्सनं सांगितलंय." त्या वाचल्या. आजच्या समारंभात ताईंना त्याच ओवाळणार आहेत. ताई, ओवाळताना त्या तुमच्यासाठी उदंड, निरोगी आयुष्य मागतील. आमचेही मागणे तेच. अजून पुष्कळ घरांत तुमची नर्स पोहोचायची आहे.